फॉर्म हरपलेल्या फलंदाजाचा क्रम

फॉर्म हरपलेल्या फलंदाजाचा क्रम हा क्रिकेटमधील संघबांधणीचा आणि खेळाडूंच्या जडणघडणीचा एक जुना प्रश्न आहे. धावा होईनाशा झालेल्या फलंदाजाने पुन्हा सूर गवसेपर्यंत कोणत्या क्रमांकावर खेळावे, याचा निर्णय कर्णधार, प्रशिक्षक आणि निवड समिती यांना घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात संघाचा विजय हे एकच उद्दिष्ट असल्याने तेथे हा निर्णय तुलनेने सरळ असतो. रणजी करंडक, क्लब क्रिकेट किंवा सराव सामना अशा खालच्या पायरीवर मात्र संघाचे हित आणि त्या एका फलंदाजाची घडण या दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. मुंबईच्या क्रिकेटमध्ये या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देणारी अनेक उदाहरणे आढळतात. बेसबॉलमधील मायनर लीगमध्येही हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उद्भवतो.

क्रमाचे स्वरूप

क्रिकेटच्या नियमांनुसार नाणेफेकीपूर्वी खेळाडूंची नावे जाहीर करावी लागतात. परंतु त्यांचा फलंदाजीचा क्रम आधी कळविण्याचे बंधन नाही. कर्णधार डाव सुरू असतानाही तो बदलू शकतो. दिवसाचा खेळ संपण्याच्या सुमारास गडी बाद झाल्यास नियमित फलंदाजाऐवजी तळाचा फलंदाज पाठविण्याची ‘नाइट वॉचमन’ ही प्रथा याच मोकळिकीतून आली आहे.

रूढ व्यवस्थेनुसार पहिले दोन फलंदाज सलामीला येतात. चेंडू नवा, टणक आणि लकाकी न गेलेला असताना त्यांना द्रुतगती गोलंदाजांना तोंड द्यावे लागते. तिसरा क्रमांक हा बहुधा तंत्रशुद्ध फलंदाजाचा मानला जातो, कारण त्याला पहिल्या षटकातही मैदानात उतरावे लागू शकते. चौथ्यापासून सहाव्या क्रमांकापर्यंतच्या मधल्या फळीला साधारणतः जुना चेंडू आणि फिरकी गोलंदाजी खेळावी लागते. सातव्या क्रमांकावर अनेकदा यष्टिरक्षक किंवा अष्टपैलू खेळाडू येतो आणि त्यानंतर गोलंदाजांची पाळी असते. कसोटीत आणि रणजी सामन्यात ८० षटकांनंतर दुसरा नवा चेंडू घेता येतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या फलंदाजालाही काही वेळा सलामीवीरासारखीच परीक्षा द्यावी लागते.

क्रमांक ही अपरिवर्तनीय ओळख नव्हे, याचे ठळक उदाहरण म्हणजे विनू मंकड. कसोटी क्रिकेटमध्ये पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सर्व क्रमांकांवर फलंदाजी केलेल्या मोजक्या खेळाडूंत त्यांची गणना होते. जानेवारी १९५६ मध्ये मद्रास येथे न्यू झीलंडविरुद्ध पंकज रॉय यांच्यासह त्यांनी ४१३ धावांची सलामी दिली.

उपलब्ध पर्याय

धावा आटलेल्या फलंदाजासमोर सामान्यतः तीन पर्याय असतात.

*क्रम खाली नेणे.* नव्या चेंडूपासून संरक्षण मिळावे आणि मनावरील दडपण कमी व्हावे, हा यामागील हेतू असतो. गोलंदाज थकलेले असताना व क्षेत्ररचना विस्कळीत झालेली असताना मिळालेल्या तीस-चाळीस धावांनीही आत्मविश्वास परत येऊ शकतो. मात्र संघाची वरची फळी चांगली खेळल्यास सातव्या क्रमांकाच्या फलंदाजाला पाळीच मिळत नाही. डाव घोषित करण्याच्या घाईत मिळालेल्या दहा चेंडूंवरून त्याच्या तंत्राविषयी काही ठरविता येत नाही.

*क्रम कायम ठेवणे.* ज्या स्थानासाठी खेळाडूचा विचार होत आहे, त्याच स्थानावर त्याने खालच्या स्तरावर खेळावे, हे यामागील तत्त्व आहे. अपयश आले, तरी ते नेमक्या प्रश्नाचे उत्तर देणारे अपयश असते.

*क्रम वर नेणे.* अधिक चेंडू, अधिक वेळ आणि निश्चित पाळी मिळावी म्हणून हा उपाय योजतात. धोका मोठा असला, तरी ज्याचे अपयश तंत्रापेक्षा अपुऱ्या संधीमुळे आलेले असते, त्याला तो विशेष उपकारक ठरतो.

कोणता पर्याय योग्य, हे अपयशाच्या कारणावर अवलंबून असते. बाहेर जाणाऱ्या चेंडूवर वारंवार यष्टीमागे झेल देणारा सलामीवीर आणि डावाच्या अखेरीस धावगती वाढविण्याच्या नादात बाद होणारा मधल्या फळीतील फलंदाज या दोघांच्या धावा सारख्याच असतील. पण त्यांच्यावरील उपाय एक असू शकत नाही.

मुंबईतील खालच्या पायऱ्या

मुंबईत फलंदाज आंतरशालेय स्पर्धांपासून क्लब आणि कार्यालयीन क्रिकेटमार्गे रणजी संघापर्यंत पोहोचतो. हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड या शालेय स्पर्धा, कांगा लीग, पी. जे. हिंदू जिमखान्याची पुरुषोत्तम शील्ड, पोलीस शील्ड आणि कार्यालयीन संघांची टाइम्स शील्ड या त्या वाटेवरील प्रमुख पायऱ्या होत. एके काळी निरलॉन, मफतलाल, एसीसी, टाटा, स्टेट बँक अशा संस्था क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत. त्यामुळे रणजी संघातील आणि भारतीय संघातील खेळाडूही या स्पर्धांत नियमितपणे उतरत. एकाच सामन्यात कसोटीवीर आणि नवोदित असे दोघेही असत. साहजिकच कोणाला कोणता क्रमांक द्यायचा, हा प्रश्न क्लबच्या कर्णधारापुढेही येत असे.

गिरगावातील ठाकूरद्वार नाक्यावरून पश्चिमेकडे जाऊन रेल्वेमार्ग ओलांडला की मरीन ड्राइव्हलगतच्या जिमखान्यांची मैदाने लागतात. पी. जे. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि पारशी जिमखाना ही त्यांपैकी प्रमुख नावे. एकनाथ सोलकर यांचे वडील पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत आणि सोलकरांचे बालपण त्याच मैदानावर गेले. गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार या दाट वस्तीतील मुलांना चाळीच्या चौकातून बाहेर पडल्यावर दिसणारे मोठे मैदान म्हणजे ही समुद्राकाठची पट्टी, किंवा मग क्रॉस मैदान आणि आझाद मैदान.

कांगा लीगची परीक्षा

डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळी स्पर्धा म्हणून ख्यातनाम आहे. रविवारी खेळल्या जाणाऱ्या या एकदिवसीय सामन्यांत खेळपट्ट्या पारंपरिकरीत्या उघड्या असत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, तर कधी अचानक उसळतो. मैदानावरील गवत वाढलेले असल्याने जमिनीलगत मारलेला चेंडू सीमेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून चेंडू उचलून मारण्याची सवय करावी लागते. येथे तीस धावांची खेळी कोरड्या खेळपट्टीवरील शतकाच्या तोलाची मानली जाते.

फॉर्म हरपलेल्या फलंदाजाच्या दृष्टीने कांगा लीगचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, येथे सलामीचे स्थान हे धावा करण्याचे स्थान उरत नाही. ते बचावाच्या कसोटीचे स्थान होते. ज्याचा बचाव डळमळीत झाला आहे, त्याला हे औषध कडू असले, तरी गुणकारी ठरू शकते. दुसरा असा की, आकड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्याची येथे फसगत होते. पाच रविवारी पन्नास धावा करणारा फलंदाज अपयशी असेलच असे नाही. मुंबईच्या जुन्या निरीक्षकांनी म्हणूनच कांगा लीगमध्ये धावफलकापेक्षा फलंदाजाचे पाय कसे हलतात, याला महत्त्व दिले.

मुंबईकर फलंदाजांची उदाहरणे

*रवी शास्त्री.* शास्त्री यांनी १९८१ मध्ये वेलिंग्टन येथे दहाव्या क्रमांकावरून कसोटी कारकीर्द सुरू केली, तेव्हा ते प्रामुख्याने डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९८२ मध्ये ओव्हल येथे ते सलामीला आले आणि त्यांनी ६६ धावा केल्या. १९८३ च्या आरंभी कराचीत सलामीला येऊन त्यांनी १२८ धावा काढल्या, तर जानेवारी १९९२ मध्ये सिडनी येथे २०६ धावा केल्या. क्रम वर नेल्याने खेळाडूची ओळखच पालटते, याचे हे उदाहरण होय.

*सुनील गावसकर.* १९८३-८४ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत गावसकरांच्या धावांत मोठा चढउतार होता. कानपूरमध्ये ० व ७, दिल्लीत शतक, अहमदाबादेत ९० आणि कोलकात्यात सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बाद, असा तो क्रम होता. मद्रासच्या सहाव्या कसोटीत ते चौथ्या क्रमांकावर उतरणार होते. प्रत्यक्षात माल्कम मार्शल यांनी शून्य धावफलकावर दोन गडी बाद केल्याने गावसकरांना नव्या चेंडूपुढेच उभे राहावे लागले. त्यांनी नाबाद २३६ धावा केल्या. हे त्यांचे तिसावे कसोटी शतक. क्रम खाली नेल्याने नवा चेंडू टळेलच याची शाश्वती नसते, हे या डावावरून दिसून येते.

*सचिन तेंडुलकर.* तेंडुलकर १९९४ पर्यंत एकदिवसीय सामन्यांत मधल्या फळीत खेळत आणि तेथे त्यांच्या नावावर एकही शतक नव्हते. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंड येथे नवज्योतसिंग सिद्धू मान आखडल्यामुळे खेळू शकले नाहीत. तेंडुलकरांनी सलामीची संधी मागून घेतली व ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. त्या वेळी मुंबईचेच अजित वाडेकर संघाचे व्यवस्थापक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबो येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिले एकदिवसीय शतक झळकावले. तो त्यांचा ७९ वा सामना होता. येथे फलंदाजाचा फॉर्म हरपलेला नव्हता; स्थान चुकलेले होते. या दोहोंतील भेद ओळखणे हे प्रस्तुत प्रश्नाचे मर्म होय.

*सूर्यकुमार यादव.* २०१४ ते २०१७ या काळात कोलकाता नाइट रायडर्सकडून ते बहुधा खालच्या क्रमांकावर येत आणि त्यांच्या वाट्याला डावातील अखेरची षटके येत. २०१८ मध्ये मुंबई इंडियन्सने त्यांना वरच्या फळीत स्थान दिले. त्या हंगामात त्यांनी ५१२ धावा केल्या.

*अजिंक्य रहाणे.* २०२३-२४ च्या रणजी हंगामात मुंबईचे कर्णधार असलेल्या रहाणे यांच्या धावा आटल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये वानखेडे स्टेडियमवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात दोन गडी लवकर बाद झाले असताना ते चौथ्या क्रमांकावर आले आणि त्यांनी ७३ धावा केल्या. मुंबईने १६९ धावांनी विजय मिळवून ४२ वे विजेतेपद पटकावले.

*पृथ्वी शॉ.* ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोट येथे कसोटी पदार्पणातच १३४ धावा करणारे शॉ २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघाबाहेर गेले. २०२५-२६ च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून सलामीलाच खेळले. पहिल्या सामन्यातील पहिल्या डावात ते शून्यावर बाद झाले. पुढच्या सामन्यात चंदीगडविरुद्ध त्यांनी २२२ धावा केल्या. संघ बदलला, पण क्रम बदलला नाही.

रोहित शर्मा यांची कारकीर्द

या प्रश्नाचे तिन्ही पर्याय एकाच फलंदाजाच्या कारकिर्दीत पाहावयाचे असल्यास रोहित शर्मा यांचे उदाहरण घ्यावे लागते.

२०१२ मध्ये श्रीलंका दौऱ्यातील पाच एकदिवसीय डावांत त्यांना एकूण १३ धावा करता आल्या. त्यानंतर त्यांचा क्रम खाली न नेता वर नेण्यात आला. जानेवारी २०१३ मध्ये मोहाली येथे इंग्लंडविरुद्ध सलामीला येऊन त्यांनी ८३ धावा केल्या आणि पुढे एकदिवसीय क्रिकेटमध्ये ते सलामीवीर म्हणूनच स्थिरावले.

कसोटीत त्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलकात्यात सहाव्या क्रमांकावर १७७ धावांनी सुरुवात केली. परंतु पुढील पाच वर्षे मधल्या फळीत त्यांचे स्थान पक्के झाले नाही. २०१९ मध्ये त्यांना सलामीला पाठविण्याचे ठरले. त्याची रंगीत तालीम म्हणून विजयनगरम येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सराव सामन्यात ते मंडळ अध्यक्षीय संघाकडून सलामीला आले आणि दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाले. तरीही निर्णय बदलला गेला नाही. लगेचच विशाखापट्टणम कसोटीत त्यांनी १७६ आणि १२७ धावा केल्या. त्याच मालिकेत रांची येथे २१२ धावा केल्या. खालच्या स्तरावरील एका अपयशावरून क्रम बदलला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

२०२४ च्या अखेरीस चित्र पालटले. न्यू झीलंडविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत सहा डावांत त्यांच्या ९१ धावा झाल्या. ऑस्ट्रेलियातील पर्थ कसोटीला ते अनुपस्थित होते आणि तेथे यशस्वी जयस्वाल व के. एल. राहुल यांनी २०१ धावांची सलामी दिली. ती जोडी न मोडता रोहित अॅडलेड आणि ब्रिस्बेन येथे सहाव्या क्रमांकावर उतरले. तीन डावांत त्यांना ३, ६ आणि १० धावा करता आल्या. मेलबर्न येथे ते पुन्हा सलामीला आले, पण धावा ३ आणि ९ अशाच राहिल्या. सिडनीच्या कसोटीत ते खेळले नाहीत.

त्यानंतर २३ जानेवारी २०२५ पासून वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्धच्या रणजी सामन्यात ते मुंबईकडून उतरले. नऊ वर्षांहून अधिक काळानंतरचा हा त्यांचा पहिला रणजी सामना होता. मुंबई संघाने त्यांना सलामीचेच स्थान दिले. त्यांनी ३ आणि २८ धावा केल्या. मुंबईचा पहिला डाव १२० धावांत आटोपला आणि जम्मू-काश्मीरने सामना पाच गडी राखून जिंकला. फेब्रुवारीत कटक येथील एकदिवसीय सामन्यात इंग्लंडविरुद्ध सलामीला येऊन त्यांनी ११९ धावा केल्या. ७ मे २०२५ रोजी त्यांनी कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. खालच्या स्तरावरील एका सामन्याने फॉर्म परत आणला असे म्हणता येणार नाही. मात्र सहाव्या क्रमांकाने त्यांना ना संरक्षण दिले, ना धावा.

मुंबईबाहेरील उदाहरणे

मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध फॉलोऑन मिळाल्यावर भारताने व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांना सहाव्यावरून तिसऱ्या, तर राहुल द्रविड यांना तिसऱ्यावरून सहाव्या क्रमांकावर आणले. लक्ष्मण यांनी पहिल्या डावात ५९ धावा केल्या होत्या आणि द्रविड त्या मालिकेत चाचपडत होते. लक्ष्मण यांनी २८१, द्रविड यांनी १८० धावा करून ३७६ धावांची भागीदारी रचली व भारताने १७१ धावांनी विजय मिळविला. क्रम खाली नेण्याचा उपाय यशस्वी झाल्याचे हे सर्वपरिचित उदाहरण आहे. मात्र द्रविड यांना या बदलामुळे चेंडू कमी मिळाले नाहीत. उलट दिवसभर फलंदाजी करता आली.

जानेवारी १९३७ मध्ये मेलबर्न येथे पावसाने बिघडलेल्या खेळपट्टीवर डॉन ब्रॅडमन यांनी आपला क्रमच उलटा केला. तळाचे गोलंदाज आधी पाठवून ते स्वतः सातव्या क्रमांकावर आले. तोवर खेळपट्टी सुधारली होती. त्या मालिकेतील आधीच्या दोन कसोट्यांत प्रत्येकी एकदा शून्यावर बाद झालेल्या ब्रॅडमन यांनी या डावात २७० धावा केल्या. हा बदल फलंदाजाच्या नव्हे, तर खेळपट्टीच्या अवस्थेमुळे केलेला होता. पावसाळी क्रिकेट खेळणाऱ्या मुंबईकरांना त्यातील तर्क सहज उमगावा.

बेसबॉलशी तुलना

बेसबॉलमध्ये नऊ फलंदाजांचा क्रम सामन्याआधी लिहून द्यावा लागतो आणि तो चक्राकार चालतो; नववा फलंदाज झाला की पुन्हा पहिला येतो. त्यामुळे खाली ढकललेल्या फलंदाजालाही पाळी मिळतेच. हंगामात १६२ सामने आणि नऊ स्थाने असल्याने क्रमात एक स्थान खाली गेल्यास हंगामभरात सुमारे अठरा पाळ्या कमी होतात, असा ढोबळ हिशेब निघतो. पहिल्या स्थानावरून नवव्या स्थानावर गेल्यास हे नुकसान दीडशेच्या घरात जाते.

बेसबॉलमध्ये मुख्य लीगमधील संघ आपल्याशी संलग्न मायनर लीग संघात खेळाडूला घडणीसाठी पाठवितात. १९५१ मध्ये न्यू यॉर्क यांकीजने नवोदित मिकी मँटल यांना धावा होईनात म्हणून कॅन्सस सिटीच्या संघात पाठविले आणि काही आठवड्यांत परत बोलावले. मायनर लीगमध्ये विजयापेक्षा घडणीला प्राधान्य असल्याने धडपडणाऱ्या फलंदाजाला वरचे स्थान देऊन पाळ्या वाढविणे तेथे परवडते. मुख्य लीगमध्ये मात्र २००६ च्या बाद फेरीत यांकीजचे जो टोरी यांनी अॅलेक्स रॉड्रिगेझ यांना आठव्या स्थानावर उतरविले, तेव्हा तो निर्णय खेळाडूच्या मानहानीचा विषय ठरला.

क्रिकेटमध्ये एका डावात एकदाच संधी मिळते आणि एका चुकीने ती संपते. म्हणून खालच्या क्रमाची किंमत येथे बेसबॉलपेक्षा अधिक असते.

मूल्यमापन

खालच्या क्रमाच्या बाजूने मुंबईच्या इतिहासात भक्कम पुरावेही आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात तनुष कोटियन (नाबाद १२०) आणि तुषार देशपांडे (१२३) यांनी दहाव्या व अकराव्या क्रमांकावर शतके करून २३२ धावांची भागीदारी केली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे याआधी एकदाच, १९४६ मध्ये सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी केले होते. त्यानंतरच्या उपांत्य सामन्यात शार्दूल ठाकूर यांनी तमिळनाडूविरुद्ध नवव्या क्रमांकावर शतक केले. तथापि हे खेळाडू मुख्यतः गोलंदाज असल्याने संघातील त्यांचे स्थान धावांवर अवलंबून नव्हते.

ज्याची निवड केवळ फलंदाज म्हणून होते, त्याची गोष्ट निराळी असते. निवड समितीसमोर हंगामाच्या शेवटी एकूण धावा आणि सरासरी येते. आठ डावांऐवजी चार डाव खेळलेल्याच्या नावापुढे लहान आकडा दिसतो. तो कोणत्या क्रमांकावर आणि किती चेंडूंसाठी उतरला, हे त्या आकड्यात दिसत नाही. प्रस्थापित खेळाडूला पूर्वकामगिरीची पुण्याई असते. एकोणीस-वीस वर्षांच्या नवोदिताला ती नसते. त्याच्यासाठी दयेपोटी दिलेला सातवा क्रमांक हा संघाबाहेर जाण्याच्या मार्गावरील पहिला टप्पा ठरू शकतो.

वरील उदाहरणांवरून काही सूत्रे मांडता येतात. वरच्या स्तरावर, जेथे सामना जिंकणे हेच साध्य आहे, तेथे क्रम खाली नेणे समर्थनीय असते, मात्र तो बदल थोड्या काळापुरता असावा. खालच्या स्तरावर फलंदाजाला अधिकाधिक चेंडू मिळावेत आणि ते चेंडू त्याला पुढे खेळावयाच्या गोलंदाजीसारखेच असावेत, हा निकष अधिक योग्य ठरतो. आणि कोणताही बदल करण्यापूर्वी फलंदाजाचे तंत्र बिघडले आहे, आत्मविश्वास खचला आहे, की त्याला मुळातच चुकीचे स्थान मिळाले आहे, याचा निवाडा व्हावयास हवा.

हे सुद्धा पहा

कांगा लीग
रणजी करंडक
मुंबई क्रिकेट संघ
नाइट वॉचमन
बेसबॉल